शासकीय हस्तलिखित संग्रह, पुणे

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या स्वाधीन असलेला संस्कृत, प्राकृत व अन्य भाषांतील पोथ्यांचा संग्रह. तत्कालीन मुंबई सरकारने १८६६ पासून जमविलेल्या सतरा हजारांहून अधिक पोथ्या हा त्याचा गाभा होय. संस्थेने स्वतः मिळविलेल्या पोथ्या मिळून ही संख्या आता अठ्ठावीस हजारांच्या वर गेली आहे. अशा संग्रहातून सिद्ध झालेले ग्रंथ सर्वपरिचित असतात. तथापि पोथी मिळविणे, ती ओळखणे, तिची नोंद करणे, ती टिकविणे आणि तिच्यातील पाठ अक्षरशः ताडून पाहणे ही कामे सहसा वाचकांच्या दृष्टीस पडत नाहीत. पुण्याच्या संग्रहाचा इतिहास हा बव्हंशी या पडद्याआडच्या कामांचा इतिहास आहे.

पोथ्यांचा शोध : छापखाना येण्यापूर्वी भारतातील ग्रंथ राजांची पोथीखाने, मठ, जैन भांडारे आणि विद्वान ब्राह्मणांची घरे यांत विखुरलेले होते. राजाश्रय संपला व पाठशाळा ओस पडल्या, तेव्हा त्यांतील पुष्कळ पोथ्या वारसांकडून दुर्लक्षित झाल्या. काही रद्दीत गेल्या, काही नदीत सोडण्यात आल्या, तर काही वाळवीने खाल्ल्या. १८६८ मध्ये लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनी संस्कृत पोथ्यांच्या शोधाकडे हिंदुस्थान सरकारचे लक्ष वेधले. त्यावरून व्हिटली स्टोक्स यांनी आखलेली देशव्यापी शोधयोजना त्याच वर्षी मान्य झाली. मुंबई इलाख्यात हे काम दोन वर्षे आधीच सुरू झाले होते. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक गेओर्ग ब्यूलर (१८३७–९८) व डेक्कन महाविद्यालयातील फ्रान्झ कीलहॉर्न (१८४०–१९०८) हे त्याचे आरंभीचे प्रवर्तक. पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५), पीटर पीटर्सन (१८४७–९९), आ. वि. काथवटे, श्रीधर रा. भांडारकर व वि. स. घाटे यांनी ते चालविले.

या शोधाचे स्वरूप केवळ खरेदीचे नव्हते. जेथे मालक पोथी विकण्यास तयार असत तेथे ती विकत घेण्यात येई. जेथे विक्री अशक्य, तेथे नक्कल करून घेण्यात येई. आणि जेथे नक्कलही दुष्कर, तेथे निदान ग्रंथांची यादी करण्यात येई. भांडारांचे विश्वस्त परक्या माणसास आत घेण्यास सहसा राजी नसत. ग्रंथ धर्माचे धन आहे आणि ते परहस्ते गेल्यास परत येत नाही, ही त्यांची भीती अनुभवावर आधारलेली होती. १८७४ च्या आरंभी ब्यूलर हे हेर्मान याकोबी या तरुण जर्मन विद्वानासह जैसलमीरला गेले. तेथील जैन भांडारात त्यांना बिल्हणाच्या विक्रमांकदेवचरित या काव्याची ताडपत्री पोथी आढळली. पोथी बाहेर नेणे शक्य नसल्याने दोघांनी ती स्वहस्ते उतरून घेतली आणि पुढील वर्षी ब्यूलर यांनी ते काव्य प्रसिद्ध केले. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन अशा रीतीने उपलब्ध झाले.

ब्यूलर यांचा १८७५–७६ मधील काश्मीर दौरा या शोधकार्यातील सर्वांत फलदायी ठरला. त्याचा वृत्तांत १८७७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून निघाला. काश्मीरमधील जुन्या पोथ्या भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेल्या असत. अकबराच्या काळात तेथे कागद रूढ झाल्यावर भूर्जपत्राचा वापर मागे पडला, असे ब्यूलर यांनी नमूद केले आहे. या दौऱ्यात मिळालेल्या पोथ्यांत महाभारताच्या आदिपर्वाची एक भूर्जपत्री पोथी होती. ‘१८७५–७६ मधील क्र. १५९’ अशी तिची नोंद झाली. तिचे खरे मोल प्रकट होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

संग्रहाची स्थलांतरे : प्रारंभी या पोथ्या मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात ठेवल्या होत्या. जतन व संशोधन या दोन्ही दृष्टींनी सोयीचे म्हणून त्या पुढे पुण्यास डेक्कन महाविद्यालयात हलविण्यात आल्या. विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेच्या पोथ्याही त्यांत समाविष्ट होत्या. त्या अद्याप ‘विश्रामबाग’ याच नावाने नोंदविल्या जातात. ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. १ एप्रिल १९१८ रोजी मुंबईचे गव्हर्नर व संस्थेचे पहिले अध्यक्ष लॉर्ड विलिंग्डन यांनी हा संग्रह संस्थेच्या हवाली केला. भांडारकरांनीही आपला खासगी ग्रंथसंग्रह संस्थेस दिला.

प्रत्येक पोथीस संपादनाचे वर्ष व त्या वर्षातील अनुक्रमांक मिळून एक ओळख देण्याची पद्धत आरंभापासून पाळली गेली. विषयवार नवे क्रमांक देण्याचा मोह टाळल्यामुळे ही ओळख स्थलांतरांतही अबाधित राहिली. पोथी कोणत्या दौऱ्यात, कोणाच्या हस्ते आली हे क्रमांकावरूनच कळते आणि त्या वर्षाच्या अहवालाशी ती ताडून पाहता येते. अहवालांत न आलेली एक बाब मात्र कायमची हरवली. ज्या घरांतून पोथ्या आल्या, ज्या शास्त्र्यांनी त्या हुडकून दिल्या व ज्यांनी नकला केल्या, त्यांपैकी बहुतेकांची नावे आज सांगता येत नाहीत.

पोथीची ओळख : संग्रहात नव्याने आलेली पोथी प्रथम उलगडावी लागते. परंपरेने पोथीची पत्रे सुटी असतात. ती दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून कापडी रुमालात बांधतात. पत्रे मोजणे, त्यांचा क्रम लावणे व गहाळ पत्रांची नोंद करणे ही पहिली पायरी. पत्रांक पत्राच्या एकाच बाजूस, समासात लिहिलेला असतो व त्याच्याजवळ ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप असते. पोथी हातातून पडून पत्रे विस्कटल्यावर दोन ग्रंथांची पत्रे एकत्र बांधली गेल्याची उदाहरणे विरळ नाहीत. अशा वेळी समासातील ही दोनतीन अक्षरेच मार्गदर्शक ठरतात. त्यानंतर पत्राची लांबी-रुंदी, प्रत्येक पृष्ठावरील ओळी, प्रत्येक ओळीतील अक्षरे, लिपी, कागदाचा प्रकार, शाई आणि दुरुस्तीच्या खुणा टिपून घेण्यात येतात. महाराष्ट्रातील जुन्या पोथ्या बहुधा जुन्नर, दौलताबाद इ. ठिकाणच्या हातकागदावर आहेत. चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळाने झाकून त्यावर नवे लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार या लेखनव्यवहारातूनच आला आहे. गळलेला मजकूर समासात लिहून ओळीत त्याची जागा काकपदाने दर्शवीत.

ग्रंथाचे नाव, कर्ता, लेखक (नकलकार), लेखनकाळ व स्थळ ही माहिती बहुधा शेवटच्या पत्रावरील पुष्पिकेत सापडते. नेमके हेच पत्र सर्वांत बाहेरचे असल्याने ते झिजते किंवा नाहीसे होते. ते असले तरी त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. नकलकार पुष्कळदा मूळ पोथीची पुष्पिका तारखेसह जशीच्या तशी उतरवितो. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची प्रत पाचशे वर्षांपूर्वीची वाटू शकते. म्हणून पुष्पिकेतील शक वा संवत, मास, तिथी व वार यांचा मेळ गणिताने बसतो की नाही हे पाहावे लागते आणि मग कागद व अक्षरवळण यांच्याशी तो निष्कर्ष ताडावा लागतो. सूचीत एकदा पडलेली चुकीची तारीख पुढील ग्रंथांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते. सूचीकाराच्या नावाने कोणी ग्रंथ ओळखत नसले, तरी त्याच्या चुकीची किंमत वाङ्‌मयेतिहासास द्यावी लागते.

सूचीकरण : आरंभीच्या शोध-अहवालांत पोथ्यांच्या याद्या व निवडक उतारे असत. श्रीधर भांडारकर यांनी १८८८ मध्ये डेक्कन महाविद्यालयातील संग्रहांची एकत्र यादी प्रसिद्ध केली. विषयवार वर्णनात्मक सूचीचा पहिला भाग १९१६ मध्ये निघाला. त्यात वैदिक संहिता व ब्राह्मणे यांच्या पोथ्यांचे वर्णन आहे. वर्णनात्मक सूचीत पोथीच्या बाह्य लक्षणांबरोबर ग्रंथाचा आरंभ व शेवट उद्‌धृत करतात, जेणेकरून दूरच्या अभ्यासकास पोथी न पाहताही ती ओळखता यावी. या मालेतील जैन वाङ्‌मयाचे अनेक भाग हिरालाल रसिकदास कापडिया यांनी सिद्ध केले. अशा स्थानिक सूचींच्या आधारेच थेओडोर आउफ्रेख्ट यांनी आपली तीन भागांची संस्कृत ग्रंथांची महासूची (१८९१–१९०३) रचली. मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये हाती घेतलेली नवी महासूचीही त्याच पायावर उभी आहे.

या संदर्भात तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाची तुलना उद्‌बोधक आहे. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांनी काशीयात्रेतही पोथ्या मिळवून तो संग्रह वाढविला. ए. सी. बर्नेल यांनी १८८० मध्ये त्याची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली, तर पी. पी. एस. शास्त्री यांची एकोणीस भागांची वर्णनात्मक सूची १९२८–३४ या काळात निघाली. तंजावरचा संग्रह एका राजघराण्याच्या वाड्यात वाढला. पुण्याचा संग्रह अनेक प्रांतांतून गोळा झाला. त्यामुळे पुण्यात एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रदेशांतील प्रती शेजारी ठेवून पाहता येतात.

परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) हे संस्थेचे पहिले अभिरक्षक. सुमारे चार दशके त्यांनी हा संग्रह सांभाळला. रोज हाताखालून जाणाऱ्या पोथ्यांतील तारखा व अवतरणे टिपून त्यांनी कालनिर्णयाची एक शिस्तबद्ध रीत रूढ केली. एखादा ग्रंथकार ज्यांचा उल्लेख करतो त्यांच्यानंतरचा आणि जे त्याचा उल्लेख करतात त्यांच्या आधीचा. तसेच ग्रंथाची सर्वांत जुनी प्रत ज्या वर्षाची, त्यापूर्वीचा. या मर्यादा पुराव्यागणिक जवळ आणीत त्यांनी शेकडो लेख लिहिले. जिलेबीचा इतिहास, दारूकाम व शोभेची आतषबाजी यांसारखे विषयही त्यांनी याच रीतीने हाताळले. सु. १४५० मधील जिनसूर या जैन ग्रंथकाराच्या प्रियंकरनृपकथेत त्यांना जिलेबीचा उल्लेख आढळला. त्यांचे लेख पुढे भारतीय वाङ्‌मयेतिहास व संस्कृतीतिहास या विषयांवरील खंडांत संकलित झाले. पोथीखान्याच्या दैनंदिन नोंदी हेच स्वतंत्र संशोधनाचे साधन होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

पाठसंवाद व महाभारताची चिकित्सक आवृत्ती : संग्रहाच्या उपयोगाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती होय. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तीसाठी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कामास आरंभ झाला. ना. बा. उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर (१८८७–१९४३) हे प्रमुख संपादक झाले. त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर व प. ल. वैद्य यांनी ती धुरा वाहिली. १९६६ मध्ये मूळ संहितेचे काम पूर्ण झाले. एकूण १,२५९ पोथ्यांचा त्यासाठी उपयोग करण्यात आला.

संपादकांच्या आधी पोथी येई ती पाठसंवाद करणाऱ्या शास्त्र्यांपुढे. चौकटी आखलेल्या कागदाच्या वरच्या ओळीत प्रचलित संहितेचा एक श्लोक एकेका चौकटीत एकेक अक्षर याप्रमाणे लिहीत. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ राखलेली असे व जेथे पोथीचे अक्षर भिन्न असेल तेथे त्या चौकटीत ते भिन्न अक्षर भरीत. समासातील दुरुस्त्या व शेरे बाजूस लिहीत. मोठी भर असल्यास ती वेगळ्या शोधपत्रावर उतरून जोडीत. या कामासाठी उत्तर व दक्षिण भारतातील निरनिराळ्या लिपी जाणणारे शास्त्री व विद्यापीठाचे पदवीधर यांचा कायम वर्ग नेमलेला होता. ज्या पोथ्या पुण्यास आणता येत नव्हत्या, त्यांच्यासाठी शांतिनिकेतन येथील विश्वभारती व तंजावरचे सरस्वती महाल येथे पाठसंवादाची केंद्रे चालविण्यात आली.

एकट्या आदिपर्वासाठी २३५ पोथ्या विचारात घेतल्या गेल्या. त्यांपैकी १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ, २८ तेलुगू, २६ मलयाळम्, ५ नेपाळी, ३ शारदा आणि मैथिली, कन्नड व नंदिनागरी या लिपींतील प्रत्येकी एक होती. त्यांतील सुमारे साठ पोथ्या संहितानिश्चितीसाठी निवडण्यात आल्या. संख्याबळावर निर्णय करावयाचा असता, तर देवनागरी प्रतींचा पाठ सरसकट स्वीकारावा लागला असता. तथापि या प्रतींत निरनिराळ्या परंपरांची सरमिसळ झालेली असल्याचे दिसून आले. उलट शारदा प्रतींची संहिता सर्वांत आटोपशीर असून परस्परांपासून दूर असलेल्या दक्षिणी प्रतींशी ती अनेक ठिकाणी जुळते. एकमेकींच्या संपर्कात न आलेल्या दोन परंपरांची ही जुळणी मूळ पाठाचा भक्कम पुरावा ठरली. ब्यूलर यांनी काश्मीरमधून आणलेल्या क्र. १५९ च्या भूर्जपत्री पोथीस या कारणाने आदिपर्वाच्या संपादनात अग्रमान मिळाला. व्यासांनी सांगितले व गणपतीने लिहून घेतले, ही सर्वपरिचित कथा अनेक प्रतींत नसल्यामुळे संहितेतून वगळून परिशिष्टात घालण्यात आली. हा निर्णय काहींना रुचला नाही. परंतु वगळलेला प्रत्येक श्लोक व प्रत्येक पाठभेद तळटीपांत किंवा परिशिष्टांत छापलेला असल्याने संपादकांचा निर्णय अमान्य करण्याचे साधनही त्याच ग्रंथाने वाचकास दिले आहे.

जतन : पोथीचे शत्रू अनेक आहेत. दमट हवेत बुरशी धरते, कोरड्या हवेत पत्र ठिसूळ होते व या दोहोंच्या आलटून-पालटून येण्याने त्याची सर्वाधिक हानी होते. कसर, वाळवी व पुस्तककीटक हे कागद व त्यावरील खळ खातात. लोहयुक्त शाई कागदास आतून जाळते, तर काजळी व डिंक यांची देशी शाई टिकाऊ असली तरी ओलाव्याने पसरते. भूर्जपत्राचे पापुद्रे नैसर्गिक चिकटपणा आटल्यावर सुटू लागतात. ताडपत्रे कोरडी पडून चिरतात. म्हणून त्यांवर गवती चहाच्या जातीतील तृणांचे तेल लावण्याची चाल दक्षिणेत आहे. पोथी कापडात घट्ट बांधणे आणि तिच्यात वेखंड, निंबाची पाने किंवा कापूर ठेवणे हे जुने उपाय निरर्थक नव्हते. घट्ट बांधणीने धूळ, उजेड व हवेतील चढउतार या तिन्हींपासून रक्षण होते.

विसाव्या शतकात थायमॉलची धुरी देणे, कागदातील आम्लता घालविणे, विरलेल्या पत्रास रेशमी शिफॉन चिकटविणे इ. उपाय प्रचारात आले. दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज ॲसिटेटचे पातळ पत्रे ॲसिटोनने चिकटविण्याची हस्तप्रक्रिया विकसित झाली व ती अनेक संग्रहांनी अवलंबिली. असे आवरण कालांतराने पिवळे पडते आणि ते काढताना पत्रास इजा होते, हे पुढे ध्यानात आले. यातून जतनशास्त्राचे आजचे मुख्य सूत्र रूढ झाले : जो उपाय पुढील पिढीस निर्वेधपणे काढून टाकता येणार नाही, तो करू नये. त्यामुळे आता जपानी हातकागद व पिष्टाची खळ यांचा वापर अधिक होतो. तपमान व आर्द्रता स्थिर राखणे, पोथीस आम्लरहित वेष्टन घालणे व तिची हाताळणी मर्यादित ठेवणे यांवर भर देण्यात येतो. उत्तम जतनकाराचे काम डोळ्यांस दिसत नाही. पोथी पूर्वीप्रमाणेच राहिली, एवढीच त्याची साक्ष असते.

आपत्ती व पुनर्रचना : ५ जानेवारी २००४ रोजी संस्थेवर दीडशेहून अधिक लोकांच्या जमावाने हल्ला केला. जेम्स लेन यांच्या छत्रपती शिवाजी महाराजांवरील पुस्तकात संस्थेतील अभ्यासकांचे आभार मानले होते, हे त्याचे निमित्त होते. कपाटे पाडण्यात आली आणि ग्रंथ, पोथ्या, चित्रे व अन्य वस्तू यांची मोठी नासधूस झाली. त्यानंतरच्या दिवसांत अनेक नागरिक व विद्यार्थी आपण होऊन मदतीस आले. जमिनीवर विखुरलेली पाने वेचून, ती कोणत्या ग्रंथाची हे ओळखून पुन्हा जुळविण्याचे काम दीर्घकाळ चालले. एरवी रुक्ष वाटणारी नोंद अशा वेळी अनमोल ठरते. पत्रांची संख्या, ओळींचे प्रमाण व समासातील खुणा ज्या सूचीत लिहिलेल्या आहेत, तिच्याच आधारे सुटे पत्र आपल्या पोथीत परत जाऊ शकते. जिची नोंद नाही, ती पोथी हरवली तरी हरवल्याचे कळत नाही.

अलीकडील कार्य : २००३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन केले. देशातील हस्तलिखितांची गणना, सूचीकरण, जतन व अंकीकरण हे त्याचे उद्देश होते. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात या कार्याचा विस्तार करणारे ज्ञान भारतम् मिशन जाहीर झाले. पुण्याच्या संग्रहातील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांचा २००७ मध्ये यूनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश झाला. त्यांतील सर्वांत जुनी दिनांकित प्रत १४६४ ची असून काश्मीरमधून आलेली एक भूर्जपत्री प्रतही त्यांत आहे.

अंकीकरणामुळे मूळ पोथीची हाताळणी कमी होते आणि दूरच्या अभ्यासकास ती घरबसल्या वाचता येते. तथापि छायाचित्रावरून कागदाचा पोत, शाईचा थर, हरताळाखालील अक्षर किंवा दोन हातांतील सूक्ष्म फरक नेहमीच ओळखता येत नाही. शिवाय चित्रास चुकीचे नाव दिले गेले, तर रुमालात बांधलेल्या अज्ञात पोथीप्रमाणेच ते दुर्लभ होऊन बसते. नंदिनागरी, शारदा, ग्रंथ वा मोडी या लिपी सहजतेने वाचणाऱ्यांची संख्या घटत असल्यामुळे यंत्रसामग्रीपेक्षा वाचकांची वाण ही या संग्रहांपुढील अधिक कठीण समस्या आहे. पोथीचे जतन म्हणजे पत्रांचे जतन, आणि त्याबरोबरच ती वाचू शकणाऱ्या विद्येचेही जतन होय.